बारावीचं मानसशास्त्र आणि ‘दोन्हीही तितकेच महत्त्वाचे’

बारावीच्या प्रिलिमला प्रश्न आला होता: बुद्धिमत्ता अनुवंशाने ठरते की परिवेशाने, म्हणजे भोवतालच्या परिस्थितीने? मी अडीच पानं लिहिली आणि शेवटी ठणकावून सांगितलं की दोन्हीही तितकेच महत्त्वाचे. पेपर हातात आला तेव्हा बाईंनी समासात लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं: ‘तितकेच म्हणजे किती?’ सहापैकी दोन गुण.

तेव्हा राग आला होता. पुढे एमए केलं. आता संध्याकाळी अकरावी-बारावीच्या मुलांना हाच विषय शिकवते, आणि माझ्याही हातून समासात तोच प्रश्न लिहिला जातो. या विषयात काही वाद सगळीकडे भेटतात: अनुवंश की परिवेश, इच्छास्वातंत्र्य की नियतत्ववाद (प्रत्येक वर्तन कुठल्यातरी कारणाने ठरलेलं असतं असं मानणारा), माणसाचे तुकडे करून बघायचं की अख्खा बघायचा, पुरुषांवरचे निष्कर्ष बायकांना लावायचे का, अमेरिकेतले आपल्याला लावायचे का, आणि हे सगळं करताना समोरच्या माणसाला त्रास दिला तर चालतो का. पाठ्यपुस्तक त्यांना कधी स्वतंत्र मथळा देतं, कधी देत नाही. पण ते प्रत्येक धड्यात पेरलेले असतात. मला ज्या क्रमाने हे समजायला हवं होतं, त्या क्रमाने लिहिते आहे.

१. आधी विषय खरोखर मिळतोय का ते बघा

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. अर्जात तुम्ही कॉलेज आणि शाखा भरता. मानसशास्त्र त्या कॉलेजात आहे का, कोणत्या विषयगटात आहे आणि भूगोल किंवा अर्थशास्त्राबरोबर घेता येतं का, हे कॉलेजात जाऊनच कळतं. पसंतीक्रम भरण्याआधी एक चक्कर मारा आणि ऑफिसात नाही, बारावीच्या मुलांना विचारा: ‘मानसशास्त्राला शिक्षक आहेत का? तास होतात का?’

आमच्या कॉलेजच्या माहितीपत्रकात विषय होता, कपाटात साहित्य होतं, पण अकरावीचं पहिलं सत्र संपेपर्यंत शिक्षकच नव्हते. दिवाळीनंतर बाई आल्या, त्याही तासिका तत्त्वावर. असं झालं तर घाबरू नका. विषय स्वतः वाचून समजण्यासारखा आहे, पण हे आधी माहीत असलेलं बरं.

कागदपत्रं नेहमीचीच: दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, आणि लागू असेल तर जातीचा व नॉन क्रिमिलेअर दाखला. मूळ कागद आणि झेरॉक्स वेगवेगळ्या फायलींत ठेवा. एकदा मूळ दाखला ऑफिसच्या गठ्ठ्यात गेला की तो शोधण्यात जून जातो.

घरी ‘वेड्यांचा विषय कशाला?’ असं कोणीतरी म्हणेलच. वाद घालू नका, पुस्तकातला स्मृतीचा धडा वाचायला द्या. माझ्या वडिलांचा विरोध तिथेच मावळला, कारण चष्मा कुठे ठेवला हे त्यांना कधीच आठवत नसे.

२. जवळ काय हवं

— बालभारतीचं पाठ्यपुस्तक. पीडीएफ फुकट मिळते, पण छापील घ्या. समासात लिहायला जागा लागते.

— एनसीईआरटीची अकरावी-बारावीची मानसशास्त्राची पुस्तकं. तुम्ही राज्य मंडळाचे असलात तरी. त्यात भारतीय उदाहरणं बरी आहेत. सीबीएसईवाल्यांचं तर तेच पुस्तक: लेखी ७० गुण, प्रात्यक्षिक ३०.

— दोनशे पानी वही, उभी. तिचा उपयोग चौथ्या पायरीत येतो.

— मराठी विश्वकोश ऑनलाइन. मानसशास्त्रावरच्या नोंदी जुन्या आहेत, पण भाषा स्वच्छ आहे.

‘अपेक्षित प्रश्नसंच’ जानेवारीआधी घेऊ नका. त्यातली उत्तरं ‘दोन्हीही तितकेच’ याच छापाची असतात. मी त्यातूनच शिकले होते.

३. शब्दांची जुळणी आधी करा

मराठी माध्यमातल्या मुलांची अर्धी दमछाक संकल्पनांनी होत नाही, शब्दांनी होते. गेस्टाल्टला एक पुस्तक समष्टिवाद म्हणतं, दुसरं व्यूह मानसशास्त्र. डिटरमिनिझमला कोणी नियतिवाद लिहितं, कोणी नियतत्ववाद. रिडक्शनिझम कुठे न्यूनीकरणवाद, कुठे क्षपणवाद. नेचर-नर्चर म्हणजे अनुवंश आणि परिवेश, पण परिवेशाला परिस्थिती, वातावरण, पर्यावरण असं काहीही म्हटलेलं सापडेल.

वहीच्या शेवटच्या चार पानांवर तीन रकाने आखा: पाठ्यपुस्तकातला शब्द, इतरत्र भेटलेला शब्द, इंग्रजी शब्द देवनागरीत. परीक्षेत पाठ्यपुस्तकातलाच शब्द वापरा आणि एका उत्तरात तो बदलू नका. पहिल्या ओळीत नियतत्ववाद आणि तिसऱ्या ओळीत नियतिवाद लिहिलंत, तर तपासणाऱ्याला वाटतं की तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय.

४. एक प्रयोग, एक पान

बहुतेक मुलं वादांची यादी करतात आणि प्रत्येक वादाखाली मुद्दे पाठ करतात. ते उलटं करा. बारा-पंधरा संशोधनं निवडा, प्रत्येकाला एक पान द्या, आणि त्याच पानावर सगळे वाद लावून बघा.

स्टॅनली मिलग्रॅमचं पान माझ्या वहीत असं आहे. वर माहिती: येल विद्यापीठ, निबंध १९६३ चा, ४० पुरुष, चुकीच्या उत्तराला समोरच्याला विजेचा झटका द्यायचा असं सांगितलेलं, झटके खोटे, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. खाली वाद:

नियतत्ववाद: माणूस वाईट म्हणून झटका देतो की समोर करड्या कोटातला अधिकारी उभा आहे म्हणून? मग उरलेले १४ कसे थांबले?

लिंगभाव: पहिल्या प्रयोगात फक्त पुरुष. पुढे मिलग्रॅमने बायकांवर केला तेव्हा शेवटपर्यंत जाणाऱ्यांचं प्रमाण तेच, ६५ टक्के. हा मुद्दा फार थोडी मुलं लिहितात.

संस्कृती: सगळे अमेरिकेतल्या एका शहराच्या परिसरातले. ‘मोठ्यांचं ऐकावं’ हे जिथे पाळण्यापासून शिकवतात तिथे काय होईल?

नीती: फसवणूक, घाम फुटेपर्यंत ताण, ‘थांबायचं आहे’ म्हटल्यावर ‘प्रयोग चालू ठेवणं गरजेचं आहे’ असं उत्तर.

असं एक पान नीट झालं की एकच प्रयोग चार प्रश्नांत वापरता येतो. पंधरा पानं झाली की तुम्ही परीक्षेला तयार आहात, मग प्रश्न कसाही फिरवून येवो.

५. अनुवंश आणि परिवेश: ‘किती’ या प्रश्नातच घोळ आहे

इथे जरा थांबते, कारण माझे चार गुण इथेच गेले.

आपल्या म्हणींनी हा वाद कधीच मांडून ठेवला आहे. ‘खाण तशी माती’ एका बाजूला. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ दुसऱ्या बाजूला. यातल्या दुसऱ्या म्हणीत तर वाण आणि गुण वेगळे करून दाखवलेत, पाठ्यपुस्तकाहून नेटके. उत्तराची सुरुवात म्हणीने करायला हरकत नाही. तिथेच थांबू नका.

आधी जुळ्यांचा पुरावा. इर्विंग गॉट्समन यांनी १९९१ मध्ये छिन्नमनस्कतेवरच्या (स्किझोफ्रेनिया) अभ्यासांची आकडेवारी एकत्र मांडली: एकाला आजार असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण एकबीज (जनुकं सारखीच असलेल्या) जुळ्यांत सुमारे ४८ टक्के, द्विबीज जुळ्यांत सुमारे १७ टक्के. मुलं इथे लिहितात, ‘म्हणजे आजार अनुवंशिक आहे.’ अर्धंच वाचलं. ४८ हा आकडा १७ पेक्षा मोठा आहे म्हणून जनुकांचा हात आहे. तो १०० नाही म्हणून बाकीचंही काही आहे. एकाच आकड्यातून दोन्ही बाजू निघतात, आणि ‘दोन्ही महत्त्वाचे’ हे आता पुराव्यासकट म्हणता येतं.

मग सापळा. ‘बुद्धिमत्ता ५० टक्के अनुवंशिक आहे’ असं वाक्य वाचलं की वाटतं, माझ्या बुद्धीतली अर्धी आईवडिलांकडून आली, अर्धी शाळेतून. तसा अर्थ अजिबात नाही. हा टक्का एका माणसाचा नसतोच. एका गटातली माणसं एकमेकांपासून वेगळी का आहेत, त्या फरकाचा तो हिशेब आहे, आणि गट बदलला की आकडा बदलतो.

जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी हे मक्याच्या बियाण्यावरून समजावलं होतं. मी वर्गात ज्वारी घेते. एका पोत्यातलं मिसळीचं बियाणं. अर्धं काळ्या रानात पेरलं, पाणी-खत वेळेवर. अर्धं मुरमाड माळावर, पाऊस पडेल तेवढा. काळ्या रानातली काही ताटं उंच, काही बुटकी: माती-पाणी सगळ्यांना सारखं, म्हणून तो फरक बियाण्याचा. माळावरही तसंच. पण काळ्या रानातलं पीक कमरेच्या वर आणि माळावरचं गुडघ्याइतकं, हा फरक कशाचा? तो मातीचा. रानाच्या आतला फरक पूर्ण अनुवंशाचा असूनही दोन रानांमधला फरक पूर्ण परिवेशाचा असू शकतो. दोन समाजांच्या बुद्ध्यांकांची तुलना करून ‘यांची जातच तशी’ म्हणणारे लोक नेमके इथे घसरतात.

तिसरा दाखला छोटा आणि हुकमी आहे: फिनाइलकीटोन्युरिया. जनुकातल्या दोषामुळे शरीराला फिनाइलअलानिन हे अमिनो आम्ल पचवता येत नाही आणि मेंदूची वाढ बिघडते. पण जन्मल्याबरोबर ओळखलं आणि ते कमीत कमी असलेला आहार दिला, तर मुलाची वाढ चांगली होते. दोष जनुकाचा, उपाय ताटातला. आता सांगा, किती टक्के अनुवंश?

बाईंना हवं होतं ते उत्तर असं होतं: किती नाही, कसे. जनुकं आणि परिवेश एकमेकांच्या हातात हात घालून काम करतात, त्यांची बेरीज करता येत नाही. आणि पुढे एक दाखला.

६. नियतत्ववाद म्हणजे नशीब नव्हे

दर वर्षी किमान तीन वह्यांत मला सटवाई सापडते. ‘नियतत्ववाद म्हणजे पाचवीला सटवाई कपाळावर लिहून जाते ते.’ नाही. सटवाईने लिहिलेलं कारणाशिवाय घडतं, तुम्ही काहीही करा. नियतत्ववाद म्हणतो की प्रत्येक वर्तनाला कारण असतं आणि ते शोधता येतं. कारण बदललं तर वर्तनही बदलेल, म्हणून तर उपचार शक्य होतात. दैववाद हात टेकतो, नियतत्ववाद प्रयोगशाळा उघडतो.

कारणं कुठे शोधतात त्यावर प्रकार: जनुकं आणि मेंदूत शोधलं तर जैविक, बक्षीस आणि शिक्षेत शोधलं तर परिवेशीय (बी. एफ. स्किनर), बालपणीच्या अबोध संघर्षात शोधलं तर मानसिक (फ्रॉइड). समोरच्या, म्हणजे इच्छास्वातंत्र्याच्या बाजूला कार्ल रॉजर्स आणि मानवतावादी. मधल्या रस्त्याला ‘सौम्य’ नियतत्ववाद हे नाव विल्यम जेम्सने १८८४ मध्येच दिलं, पण त्याला स्वतःला तो रस्ता पटला नव्हता.

बेंजामिन लिबेटचा १९८३ चा प्रयोग वहीत ठेवा. मनगट हलवायचं ठरवल्याची जाणीव हालचालीच्या सुमारे ०.२ सेकंद आधी होते, पण मेंदूतली तयारी सुमारे ०.५५ सेकंद आधीच सुरू झालेली असते. ‘म्हणजे इच्छास्वातंत्र्य खोटं’ असं लिहून मोकळे होऊ नका. मनगट हलवणं आणि सायन्स सोडून आर्ट्स घेणं, यांत फरक आहे. दुसऱ्या निर्णयाला माझ्या घरात आठ महिने लागले होते.

भारतातलं उदाहरण हवं असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ घ्या. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं कलम ११५ गृहीत धरतं, तिला शिक्षा करण्याऐवजी उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य ठरवतं. कायदा सहसा माणूस स्वतःच्या मर्जीने वागतो असं मानून चालतो. इथे त्याने कारण आधी विचारात घेतलं. हा वाद पुस्तकाबाहेर पडल्यावर असा दिसतो.

७. तुकडे की अख्खं, एक की अनेक

हे दोन वाद लवकर उरकता येतात.

बोर्डाच्या पेपरच्या सकाळी पोटात गोळा येतो. का? अ‍ॅड्रिनॅलिन वाढलं म्हणून. ‘नापास झालो तर’ हा विचार आला म्हणून. मागच्या वर्षी गणितात हात थरथरले होते ते आठवलं म्हणून. काका निकालाच्या दिवशी फोन करणार म्हणून. एका गुणाने कॉलेज बदलतं म्हणून. पहिल्या कारणावर थांबलात तर न्यूनीकरण. पाचही पायऱ्या चढून गेलात तर समग्रतावादाकडे. न्यूनीकरण म्हणजे शिवी नव्हे, हे मात्र लिहा: आजाराची औषधं मेंदूत काय करतात हे तुकडे करून बघितल्यानेच कळतं.

दुसरा वाद: सगळ्यांना लागू पडणारा नियम शोधायचा की एका माणसाचा खोलवर अभ्यास करायचा. इथे एकच नाव पुरतं, हेन्री मोलेसन. अपस्मारासाठी १९५३ मध्ये त्याच्या मेंदूचा काही भाग काढला आणि त्यानंतर नव्या घटना त्याच्या स्मरणात टिकेनाशा झाल्या. तरीही आरशात बघून चांदणी गिरवण्याचं कसब तो रोज थोडं थोडं सुधारत गेला, आदल्या दिवशी सराव केल्याचं आठवत नसताना. स्मृती एकाच प्रकारची नसते, हा सगळ्यांना लागू पडणारा नियम एका माणसाने शिकवला. तुमच्या कॉलेजच्या कपाटातही आरशाचा असा लाकडी बोर्ड बहुधा असेल. धूळ झटका आणि स्वतः करून बघा.

८. ‘कोणावर केला?’ हा प्रश्न प्रत्येक पानावर विचारा

सॉलोमन अ‍ॅश, १९५१, रेषांचा प्रयोग (बाकीचे मुद्दाम चुकीचं उत्तर देतात तेव्हा आपण काय करतो): सगळे पुरुष विद्यार्थी. लॉरेन्स कोलबर्ग, नैतिक विकासाच्या पायऱ्या: मूळ नमुन्यात फक्त मुलगे. मग त्याच पट्टीने मुली मोजल्या आणि त्या खालच्या पायरीवर दिसल्या. कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये विचारलं की पट्टीच मुलग्यांची असेल तर? न्यायाऐवजी काळजी आणि नाती यांवर आधारलेली नैतिकता खालची कशी?

पक्षपात दोन प्रकारचा असतो, परीक्षेत दोन्ही लिहा. एक फरक फुगवतो: बायका अशाच, पुरुष तसेच. दुसरा फरक पुसून टाकतो: पुरुषांवर जे दिसलं तेच सगळ्यांचं. गंमत म्हणजे गिलिगन यांच्यावरही फरक फुगवल्याची टीका झाली आहे. ही ओळ लिहिली की उत्तर एकतर्फी राहत नाही.

आता संस्कृती. हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, यमुनाआजींनी शिकवलं. बारावीच्या प्रात्यक्षिकासाठी मी वाड्यातल्या या आजींना व्यक्तिमत्त्व चाचणी देत होते. इंग्रजीवरून मराठीत आणलेली, अंतर्मुख-बहिर्मुख ठरवणारी. मी वाचलं, ‘पार्टीमध्ये तुम्ही अनोळखी लोकांशी स्वतःहून बोलता का?’

आजी सावरून बसल्या. ‘कुठल्या पार्टीत गं? आम्ही कुठल्याच पार्टीचे नाही. मत कुणाला देतो ते सांगत नसतात.’

मी ‘नाही’ला खूण केली. पंचवीस वर्षं गावातल्या प्रत्येक हळदीला जात्यावरच्या ओव्या सांगणारी बाई माझ्या कागदावर अंतर्मुख निघाली.

चाचणीचं भाषांतर झालं होतं, प्रमाणीकरण नाही. भाषांतरात शब्द बदलतात. प्रमाणीकरणात प्रश्न बदलतात, ते इथल्या शेकडो माणसांवर वापरून बघतात आणि तुलनेचे आकडे नव्याने काढतात. हे काम आपल्याकडे फार पूर्वी झालेलं आहे: डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली आणि बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. मराठी मुलांनी उत्तरात हे नाव लिहायलाच हवं. मी तपासलेल्या वह्यांत क्वचितच सापडतं.

पाठीशी एक मोठं संशोधनही ठेवा. २०१० मध्ये हेन्रिक, हाइन आणि नोरेन्झायन यांनी दाखवलं की मानसशास्त्रातले बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, औद्योगिक, श्रीमंत, लोकशाही देशांतल्या माणसांवर काढलेले आहेत. आणि कपाटातलं म्युलर-लायरचं उपकरण आठवतंय? बाणाच्या टोकांमुळे सारख्या रेषा लहानमोठ्या वाटतात ते. १९६६ मध्ये सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोव्हिट्स यांनी वेगवेगळ्या समाजांत हा भ्रम मोजला. अमेरिकन लोक त्याला सर्वांत जास्त फसणाऱ्यांत होते, कलहारीतले सान लोक जेमतेम. डोळ्यांनी रेषा बघण्यातही संस्कृती शिरते.

पण उलट्या टोकाला जाऊ नका. ‘परदेशी संशोधन आपल्याला लागू नाही’ असं सरसकट लिहिणं हाही आळसच. मेरी एन्सवर्थच्या पद्धतीने बाळांचं आईशी असलेलं नातं तपासणारे आठ देशांतले ३२ अभ्यास १९८८ मध्ये एकत्र पाहिले गेले, तेव्हा देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातला फरक मोठा निघाला.

९. नीती: प्रकल्पाची फाइल बंद करण्याआधी

पुस्तकातला छोटा अल्बर्ट सगळ्यांना आठवतो: १९२०, वॉटसन आणि रेनर, पांढरा उंदीर, मागे हातोड्याचा आवाज, आणि घाबरलेलं बाळ ज्याची भीती कोणी घालवलीच नाही. झिम्बार्डोचा १९७१ चा खोटा तुरुंगही आठवतो, विद्यार्थ्यांनाच कैदी आणि रक्षक बनवलेला, दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत गुंडाळला तो. दोन्हींवर मी छान उत्तर लिहिलं होतं. आणि त्याच वर्षी स्वतः गाढवपणा केला.

माझी केस प्रोफाइल (प्रकल्पासाठी एका व्यक्तीची सविस्तर नोंद) शेजारच्या काकूंवर होती. एकटेपण, झोप न लागणं, असं सगळं त्यांनी विश्वासाने सांगितलं. मी नाव बदललं आणि खाली लिहिलं: ‘एसटी स्टँडसमोर शिवणकाम करतात, दोन मुली, पती दुबईला.’ तालुक्याच्या आमच्या गावात अशी एकच बाई होती. फाइलला पूर्ण गुण मिळाले, म्हणून ती स्नेहसंमेलनाच्या टेबलावर मांडली गेली, आणि काकूंची धाकटी त्याच कॉलेजात अकरावीला होती. काकू मला काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी ब्लाउजचे पैसे मात्र त्यांनी पहिल्यांदाच माझ्यासमोर मोजून घेतले.

म्हणून:

— नाव बदलणं पुरेसं नाही. धंदा, कुटुंबातली माणसं आणि जागा हेही बदला, किंवा गाळा. लिहून झाल्यावर गावातल्या एकाला विचारा, ‘कोण असेल?’ त्याने ओळखलं तर पुन्हा लिहा. अर्थात विचारायचं ते बदललेला मजकूर दाखवून, गोष्ट सांगून नव्हे.

— संमती लेखी घ्या. चार ओळी पुरतात: ‘माझ्याविषयीची माहिती बारावीच्या प्रकल्पासाठी वापरली जाणार आहे हे मला समजले आहे. माझी ओळख उघड केली जाणार नाही. नको असलेल्या प्रश्नाचे उत्तर न देण्याचा आणि कधीही माघार घेण्याचा हक्क मला आहे. फाइल कोण पाहणार हे मला सांगितले आहे.’ खाली सही, तारीख.

— व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल तर पालकांची सही, आणि त्या मुलालाही स्वतंत्र विचारा. आईने ‘हो’ म्हटलं म्हणून सातवीतल्या मुलाला बसवून ठेवायचं नाही.

— घरातल्या माणसावर प्रोफाइल करू नका. नंतर त्यांच्याबरोबर जेवायचं असतं.

नीतीचा दुसरा पदर म्हणजे निष्कर्षांचा समाजावर होणारा परिणाम. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ पर्यंत समलैंगिकता आजारांच्या यादीत ठेवली होती. यादीतली एक ओळ किती घरांत शिरते याचा अंदाज करा. आपल्याकडे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा, कलम ३७७ वरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला आला.

१०. ‘हे शास्त्र आहे का?’ आणि शिळे दाखले

सायन्सचे मित्र हे विचारणारच. व्हिल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, कोलकाता विद्यापीठात १९१६ मध्ये स्वतंत्र विभाग सुरू झाला, हे सांगून ते गप्प बसत नाहीत. त्यांना दुसरं सांगा. २०१५ मध्ये शेकडो संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून बघितले. मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांतच. मित्र हसतील. हसू द्या. स्वतःच्या चुका मोजून जाहीर करण्याचं काम याच विषयाच्या लोकांनी केलं, हे त्यांना विचारात घ्यायला लावा.

तुमच्या वहीसाठी यातून एक काम निघतं: प्रत्येक पानाच्या तळाशी ‘यावर नंतर काय म्हटलं गेलं?’ अशी एक ओळ. किटी जेनोव्हीजच्या खुनाची (न्यूयॉर्क, १९६४) गोष्ट ‘३८ जणांनी पाहिलं, कोणी मदत केली नाही’ अशी अजून छापली जाते. २००७ मध्ये मॅनिंग, लेव्हाइन आणि कॉलिन्स यांनी नोंदी तपासून दाखवलं की त्या ३८ जणांच्या कथेला पुरावा नाही. झिम्बार्डोच्या तुरुंगातल्या रक्षकांना कसं वागायचं याच्या सूचना दिल्या होत्या, हेही नंतर उघड झालं. बघ्यांच्या परिणामावरचे (बघे जास्त तितकी मदत कमी) प्रयोग लिहा, तुरुंगही लिहा, पण ही ओळ जोडून.

११. उत्तर लिहिताना

सहा गुणांना माझा साचा: दोन वाक्यांत वाद काय आहे, एका बाजूचा एक दाखला, वर्ष आणि आकड्यासकट, दुसऱ्या बाजूचा एक, त्या दाखल्यांपैकी एकातली उणीव, आणि शेवटी कोणत्या परिस्थितीत कोणती बाजू जास्त खरी ठरते ते. ‘दोन्ही महत्त्वाचे’ हे शब्द पेन्सिलीने लिहून खोडून टाका. व्याख्येला अर्धं पान देऊ नका. आणि आकडा नक्की आठवत नसेल तर ‘निम्म्याहून अधिक’ लिहा, चुकीचा आकडा ठोकू नका.

इंग्लंडमध्ये ए-लेव्हल (तिथली अकरावी-बारावी) करणाऱ्या एका भाचीलाही मी हेच सांगते. तिच्या एक्यूए मंडळाच्या तिसऱ्या पेपरात या वादांना स्वतंत्र विभाग आहे, ९६ पैकी २४ गुणांचा. तिथे मोठ्या उत्तरात माहितीपेक्षा मूल्यमापनाला जास्त गुण असतात, म्हणून उणिवांची ओळ तिने तिप्पट करायची. ढवळ्या-पवळ्या तिने इंग्रजीत लिहून बघितलं. तिच्या सरांना खूप आवडलं, गुण मात्र दिले नाहीत.

१२. बारावीतला विकृतींचा धडा

तो वाचताना प्रत्येक लक्षण स्वतःचंच वाटतं. मला दोन आठवड्यांत तीन आजार झाले होते. मग बहिणीला दोन, आणि वर्गातल्या एका मुलाला तर सगळा वर्ग मिळून ‘बायपोलर’ म्हणायला लागला. त्याने कॉलेजला येणं कमी केलं. ‘निदान’ हा शब्द दोन वर्षं तोंडातून काढू नका. मनोविकारतज्ज्ञ आधी एमबीबीएस होतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. बारावीच्या पुस्तकाला यातलं काहीच नसतं.

आणि वाचता वाचता एखादं लक्षण खरंच टोचत राहिलं, झोप-जेवण बिघडलं, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मी तो मुलांना वहीच्या पहिल्या पानावर, नावाच्या खाली लिहायला लावते.